हे मत विचारातून आलं की भावनेतून? स्वतःचं मत तपासण्याची सविस्तर पद्धत

“भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.” पुणे, ठाणे, नाशिक, कुठलंही शहर घ्या, भाड्याने राहणाऱ्या माणसाला हे वाक्य नातेवाइकांकडून वर्षातून दोनदा तरी ऐकावं लागतं. बोलणारा ते हिशेब म्हणून बोलतो आणि ऐकणाराही हिशेब म्हणूनच ऐकतो. पण तो हिशेब प्रत्यक्ष मांडलेला कागद मागितला, तर फार थोड्या घरांत निघेल. पोटातली भीती, मानाची इच्छा, आईवडिलांचं स्वप्न या सगळ्यांनी मिळून आकडेमोडीचं सोंग घेतलेलं असतं, आणि ते सोंग बेमालूम वठल्यामुळे घरच्यांनाही ओळखू येत नाही.

या लेखात हेच वाक्य शेवटपर्यंत तपासायला घेतलं आहे. त्यात विचार आणि भावना दोन्ही आहेत, आणि त्याच्या जोरावर माणूस २० वर्षांचं कर्ज काढतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. मतासोबत भावना आहे म्हणून ते मत अविचारी ठरत नाही. ज्या मताने आपल्या जगण्यात फरक पडतो, त्याच्याशी भावना जोडलेली असणारच. मेंदूविज्ञ अंतोनिओ दामासिओ यांनी अभ्यासलेला एक रुग्ण ‘एलियट’ या टोपणनावाने प्रसिद्ध आहे. गाठ काढताना त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत तो उत्तम गुण मिळवायचा, पण त्याला काही वाटेनासं झालं होतं. त्यामुळे तो साधे निर्णयही नीट घेऊ शकत नव्हता. नोकरी गेली, संसार मोडला. म्हणजे भावना खरवडून काढली की निखळ विचार उरतो, असं होत नाही.

मग तपासायचं काय? एकच गोष्ट: पुरावा बदलला तर हे मत बदलेल का? पुरावा हलला आणि मत जागचं हललं नाही, तर त्या मताला पुराव्याशिवाय दुसऱ्या कशाने तरी धरून ठेवलं आहे. ते काय आहे, हे बाहेर काढण्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

तयारी

एक वही आणि दोन रंगांची पेनं घ्या. दोन बैठका लागतात: पहिली ४० मिनिटांची, दुसरी २० मिनिटांची, मध्ये किमान एक रात्र. भुकेल्या पोटी, रात्री ११ नंतर किंवा भांडण झाल्या झाल्या बसू नका. पहिल्या बैठकीत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोन हाताशी असला की मत लिहून होण्याआधीच त्याच्या बाजूचे लेख शोधणं सुरू होतं आणि तपासणी तिथेच बिघडते. माहिती शोधायचीच आहे, पण दुसऱ्या बैठकीत, आणि प्रश्न लिहून झाल्यावर.

मत निवडताना दोन गोष्टी पाहा. त्यावर येत्या सहा महिन्यांत काही निर्णय अवलंबून असावा, आणि त्याबद्दलची धग १० पैकी ४ ते ६ असावी. देव, पक्ष, जात, घरातलं लग्न यांपासून सुरुवात करू नका. पोहायला शिकणारा माणूस पहिल्याच दिवशी विहिरीच्या कठड्यावरून उडी मारत नाही.

पायरी १: वाक्य लिहा आणि त्यातला ‘च’ शोधा

मत एका वाक्यात लिहा. “घराबद्दल माझं असं आहे की...” अशी सुरुवात चालणार नाही. ज्याला कुणी ‘खरं’ किंवा ‘खोटं’ म्हणू शकेल असं पूर्ण वाक्य हवं.

आता त्यातला ‘च’ शोधा. मराठीने आपल्याला हे एक अक्षर दिलं आहे आणि या तपासणीत ते फार उपयोगी पडतं. ‘घर घेतलं पाहिजे’ आणि ‘घर घेतलंच पाहिजे’ या दोन वाक्यांत माहितीचा तसूभरही फरक नाही. दुसऱ्यात फक्त जोर आहे, आणि हा जोर कुठून आला, हेच शोधायचं आहे. ‘च’ खोडा आणि वाक्य मोठ्याने वाचा. “मुलाला इंग्रजी माध्यमातच घालायला हवं” या वाक्याचं “मुलाला इंग्रजी माध्यमात घालायला हवं” झालं की लगेच पुढचे प्रश्न सुचतात: कुठल्या शाळेत? कशासाठी? घरी कोण शिकवणार? ‘च’ असताना हे प्रश्न आत येऊ शकत नव्हते. “मराठी माध्यमातच” म्हणणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

‘च’ची भावंडंही याच वेळी टिपा: ‘नेहमी’, ‘कुणीही’, ‘शेवटी काय तर’, ‘आपल्यात असं नसतं’, ‘सगळ्यांना माहीत आहे’. विशेषतः ‘शेवटी’ हा शब्द पाहा. तो बहुतेकदा कारणं संपल्यावर येतो.

‘च’ दिसला की मत भावनेचंच, असा निष्कर्ष मात्र काढू नका. काही ‘च’ कमावलेले असतात. ‘पाणी १०० अंशांनाच उकळतं’ हा शाळेतला ‘च’ घ्या. समुद्रसपाटीला तो खरा आहे. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. कमावलेल्या ‘च’ला अट जोडता येते: ‘अमुक दाबाला’, ‘अमुक परिस्थितीत’. आपल्या वाक्याला अशी अट जोडून पाहा. “पाच वर्षांत गाव बदलायचं नसेल तर घर घेतलंच पाहिजे” असं म्हणता आलं, तर विचार सुरू झाला आहे. अट जोडायला मन तयारच होत नसेल, तर तशी नोंद करून पुढे जा.

पायरी २: दोन आकडे

वाक्याखाली दोन आकडे लिहा. पहिला: हे खरं आहे अशी मला किती खात्री आहे, १० पैकी. दुसरा: उद्या हे खोटं ठरलं तर मनाला किती लागेल, १० पैकी. लिहिताना फार विचार करू नका. दोन्हींना मिळून अर्धं मिनिट पुरे.

खात्री ९ आणि लागेल १, तर बहुधा काळजीचं कारण नाही. ‘ठाण्याहून दादरला जायला लोकल बरी’ हे खोटं ठरलं तर आपण मुकाट्याने बस धरू. खात्री ९ आणि लागेलही ९, तर पुढची प्रत्येक पायरी सावकाश घ्या. हा दुसरा आकडा म्हणजे निकाल नाही, खूण आहे. ज्याच्यावर अन्याय झाला आहे तो माणूस रागाने बोलतो आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असू शकतं. त्याच्या रागाकडे बोट दाखवून त्याचा पुरावा नाकारणं हा विचार नव्हे, तो त्याला गप्प बसवण्याचा मार्ग आहे. म्हणूनच ही पद्धत स्वतःवर वापरायची आहे.

पायरी ३: मताची जन्मवेळ

हे मत आपलं कधी झालं? वर्ष आठवत नसेल तर प्रसंग आठवा: कुणाच्या तोंडून ऐकलं, तेव्हा आपण काय करत होतो. मग पानावर आडवी रेघ मारा. मत तयार होण्याआधी जी कारणं ठाऊक होती ती रेघेच्या वर, मत झाल्यावर जी सापडली ती खाली.

प्रामाणिकपणे केलं तर बहुतेक मतांत रेघेच्या वर एखाद-दुसरं कारण येतं आणि खाली सात-आठ. घराच्या मतात वर असतं ‘बाबा म्हणायचे’ किंवा ‘मालकाने महिनाभरात खोली सोडायला लावली होती’. खाली असतं आयकरातली सवलत, जागेचे वाढते भाव, बँकेचा व्याजदर. म्हणजे निकाल आधी लागला आणि साक्षीदार मागून गोळा केले. खालची कारणं खोटी असतील असं नाही. पण मत उभं राहिलं तेव्हा ती तिथे नव्हती, त्यामुळे मताचा पाया म्हणून ती दाखवता येत नाहीत.

इथे लोक उलट्या बाजूलाही घसरतात. ‘बाबांचं ऐकून आलेलं मत, म्हणून चूक’ असंही होत नाही. वडिलांनी सांगितलेली गोष्ट बरोबर असू शकते. जन्मवेळेवरून एवढंच कळतं की हे मत आपण अजून तपासलेलं नाही.

पायरी ४: तीन रकाने, आणि एकदा खरा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पानावर तीन रकाने करा: ‘आहे’, ‘होईल’, ‘हवं’. ‘आहे’मध्ये आज तपासता येईल अशी वस्तुस्थिती. ‘होईल’मध्ये भाकितं. ‘हवं’मध्ये इच्छा, मूल्यं, भीती. मताच्या मागची प्रत्येक गोष्ट तोडून यांपैकी एकाच रकान्यात टाका.

‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’ याचा ‘आहे’ रकाना भरू. समजा ६५ लाखांचा फ्लॅट आहे. १५ लाख स्वतःचे, ५० लाख कर्ज, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातलं व्याज ३५,४१७ रुपये आणि मुद्दल ७,९७४ रुपये. पहिल्या वर्षभरात सुमारे ५ लाख २० हजार रुपये भरले जातात आणि त्यांतले जेमतेम १ लाख मुद्दलात जातात. हप्त्यातलं व्याज आणि मुद्दल समसमान व्हायला बारावं वर्ष लागतं. व्याजदर तोच राहिला असं धरलं, तर २० वर्षांत एकूण सुमारे १ कोटी ४ लाख रुपये जातात. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा मासिक खर्च, मालमत्ता कर हे सगळं वेगळं.

आता तशाच फ्लॅटचं भाडं १८,००० रुपये आहे असं धरा. भाड्याचे १८,००० ‘पाण्यात’ जात असतील, तर पहिल्या महिन्यातल्या व्याजाचे ३५,४१७ कुठे गेले? दोन्ही रकमा परत येत नाहीत. दोन्ही राहण्याच्या सोयीची किंमत आहेत: एकीत जागा भाड्याने घेतली, दुसरीत पैसा भाड्याने घेतला. ‘पाण्यात’ हा शब्द एकीलाच लावायचा आणि दुसरीला नाही, हे गणितातून आलेलं नाही.

यावरून घर घेणं चूक, असं मुळीच ठरत नाही. ‘होईल’ रकाना अजून रिकामा आहे, आणि खरी लढत तिथे आहे. जागेची किंमत वर्षाला किती वाढेल? भाडं किती वाढेल? हप्ता आणि भाडं यांतला सुमारे २५,००० रुपयांचा फरक आणि ते १५ लाख भाडेकरू खरंच गुंतवेल की खर्चून टाकेल? हा तिसरा प्रश्न टाळू नका. कित्येक घरांत हप्ता हीच एकमेव सक्तीची बचत असते, आणि ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याच्यासाठी घर घेणं हा आकड्यांनीही बरा निर्णय ठरू शकतो. प्रत्येक भाकितापुढे एकच आकडा लिहू नका. कमी आणि जास्त असे दोन लिहा. ‘जागेचे भाव वाढतातच’ ऐवजी ‘वर्षाला ३ ते ८ टक्के’ असं लिहिलं की मताचा ताठा आपोआप कमी होतो.

आणि ‘हवं’: स्वतःच्या नावाची पाटी, भिंतीला खिळा ठोकताना कुणाला विचारावं न लागणं, आईला शेवटची वर्षं एका जागी काढता येणं. हे तिसऱ्या रकान्यात निःसंकोच लिहा. या इच्छा हलक्या नाहीत. घोटाळा होतो तो त्या पहिल्या रकान्यात घुसतात तेव्हा.

पायरी ५: एकेक खांब काढून पाहा

आता कारणांवर एक-एक करून हात ठेवा आणि विचारा: “हे कारण उद्या खोटं ठरलं, तर माझं मत बदलेल का?” ‘हो’, ‘थोडं’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक उत्तर कारणापुढे लिहा.

करसवलत काढली, मत बदललं नाही. भाववाढ काढली, तरी नाही. ‘पैसे पाण्यात’ काढलं, तरी नाही. सगळ्या कारणांपुढे ‘नाही’ आलं आणि मत तसंच उभं राहिलं, तर ज्या खांबावर ते उभं आहे तो पानावर लिहिलेलाच नाही. अशा वेळी पेन खाली ठेवून दोन मिनिटं गप्प बसा आणि मग पुढचं वाक्य पूर्ण करा: “खरं सांगायचं तर मला...”

भाड्याने राहणाऱ्याच्या बाबतीत तिथे अनेकदा ११ महिने निघतात. आपल्याकडचा लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. दर दहाव्या महिन्याला मालकाचा फोन येईल का, ही धाकधूक. आला तर मुलांची शाळा, गॅसचा पत्ता, टेम्पो, पुन्हा अनामत. हे कारण ‘पैसे पाण्यात’पेक्षा कितीतरी खरं आणि वजनदार आहे. एकदा ते उघड झालं की त्यावर उपायही दिसतात: तीन वर्षांचा करार मागणं, त्यात मालकाने मध्येच करार मोडू नये यासाठी लॉक-इन कालावधी घालून घेणं, किंवा सरळ घर घेणं, पण ‘मी स्थैर्यासाठी महिन्याला इतके रुपये जास्त मोजतो आहे’ हे माहीत असताना घेणं. भीती आकड्यांच्या आड दडली असताना यातलं काहीच सुचत नाही.

पायरी ६: पुराव्याला दोन मापं लावतो का, ते पाहा

आवडत्या गोष्टीचा पुरावा समोर आला की मन विचारतं, “हे मानायला हरकत आहे का?” नावडती गोष्ट असेल तर विचारतं, “हे मानलंच पाहिजे का?” पहिल्या प्रश्नाला एखादा व्हॉट्सॲप संदेश पुरतो, दुसऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही पुरत नाही. दोन्ही प्रश्न एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात, म्हणून फरक जाणवत नाही.

तो जाणवून घेण्यासाठी नाव बदलून पाहा. बातमीतल्या नेत्याच्या जागी विरोधी पक्षाच्या नेत्याचं नाव घाला. आपल्या गावाच्या जागी शेजारचं गाव, आपल्या मुलाच्या जागी जावेचा मुलगा. आकडा तोच ठेवा. मग तेवढाच पुरावा पुरेसा वाटतो का? आधी ‘पुरेसा’ वाटलेला आता ‘एकांगी’ वाटायला लागला, तर पुरावा तोच आहे, बदललं आहे ते माप.

शिक्षणाने हा दोष आपोआप जात नाही. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग केला. लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितलं की हा त्वचेच्या मलमाचा आहे, काहींना तेच आकडे बंदूक बाळगण्यावरच्या बंदीचे म्हणून दिले. मलमाच्या वेळी गणितात तरबेज असलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळा बरोबर उत्तर काढलं. बंदुकीच्या वेळी त्यांचं गणित मुख्यतः आपल्या राजकीय बाजूला सोयीचं उत्तर असेल तेव्हा चाललं, आणि दोन्ही बाजूंच्या तरबेज लोकांतलं अंतर कच्च्या लोकांतल्या अंतरापेक्षा जास्त निघालं. बुद्धी तीक्ष्ण असली की वकीलही हुशार मिळतो. म्हणून ‘मी सायन्सचा आहे, मी विचार करूनच बोलतो’ असं वाटत असेल, तर ही पायरी दोनदा करा.

पायरी ७: ‘नाही’ म्हणणारा पुरावा शोधा

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये केलेला एक प्रयोग घरात करून बघता येतो. समोरच्याला सांगा: “माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे, आणि २, ४, ६ त्यात बसतात. तू वेगवेगळी त्रिकुटं सांग, मी हो-नाही सांगतो. खात्री झाली की नियम ओळख.” बहुतेक जण ८, १०, १२ विचारतात, मग २०, २२, २४, दोन्हींना ‘हो’ येतं आणि ते म्हणतात, “दोनने वाढणारे सम आकडे.” नियम असतो फक्त ‘चढता क्रम’. १, ७, ५० सुद्धा चालतं. आपला अंदाज मोडेल असं त्रिकूट विचारायचं सुचत नाही, आणि ते विचारल्याशिवाय चूक सापडत नाही. मुलांसोबत खेळून पाहा. दहा मिनिटांत ते जे शिकतात ते व्याख्यानाने शिकत नाहीत.

मतांच्या बाबतीत यासाठी दोन साधनं आहेत.

एक, चार खणांची चौकट. “इंजेक्शन घेतलं की माझी सर्दी बरी होते” हे अनुभवाचं मत आहे, म्हणून ते पक्कं वाटतं. चौकट काढा: घेतलं-बरी झाली, घेतलं-लवकर बरी झाली नाही, न घेता-बरी झाली, न घेता-रेंगाळली. बहुतेकांचा पहिला खण भरलेला असतो आणि उरलेले तीन कोरे. साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत बहुधा आपली आपण जाते, त्यामुळे तिसऱ्या खणातही भरपूर नोंदी व्हायला हव्या होत्या. त्या लक्षात राहिल्या नाहीत, एवढंच. नवसाचंही असंच होतं. नवस फेडायला माणसं वाजतगाजत येतात. न फळलेला नवस सांगायला देवळात कुणी येत नाही, म्हणून तो खण दिसत नाही. श्रद्धा ठेवावी की नाही, हा इथला प्रश्न नाही. मोजणी पूर्ण झाली का, एवढाच प्रश्न आहे.

दुसरं साधन आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, म्हणजे न्यायदर्शनातलं: व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे, तिथे ते’ असा न चुकणारा संबंध. जिथे धूर तिथे अग्नी हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर हे चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. हे शेकडो वर्षांपूर्वीचं उदाहरण आजही रोज लागतं. “आमच्या ओळखीतले सगळे पैसेवाले घरमालक आहेत, म्हणून घर घेतल्याने पैसा होतो.” इथे व्याप्ती उलटी धरली आहे. लोखंडाचा गोळा शोधा: घर घेतलं आणि हप्त्यांखाली दबले, अशी दोन घरं ओळखीत आहेत का? चार्ल्स डार्विन आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तत्काळ टिपून ठेवत, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या रंगाचं पेन याच कामासाठी राखून ठेवा.

पायरीच्या शेवटी एक ओळ लिहायचीच आहे: “अमुक दिसलं तर मी मत बदलेन.” ‘अमुक’मध्ये आकडा किंवा ठरावीक घटना हवी. “परिस्थिती बदलली तर” असं लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच आहे. “त्याच इमारतीतलं भाडं हप्त्याच्या ६० टक्क्यांवर गेलं तर घर घेईन, ४५ टक्क्यांखाली असेल तर आणखी दोन वर्षं थांबेन” अशी ओळ चालेल. हे टक्के प्रत्येकाचे वेगळे असतील. माहिती बघण्याआधी लिहिले, यालाच महत्त्व आहे. ही ओळ कितीही प्रयत्न केला तरी सुचत नसेल, तर त्या मताविषयीचं सगळ्यात मोठं उत्तर तुम्हाला मिळालं आहे.

दुसरी बैठक

रात्र गेल्यावर फोन जवळ घ्या आणि फक्त लिहिलेल्या प्रश्नांची माहिती काढा: त्याच भागातलं भाडं, बँकेचा आजचा दर, त्या इमारतीत पाच वर्षांपूर्वी झालेला व्यवहार. मग पूर्वपक्ष करा. जुन्या वादपद्धतीत प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडल्याशिवाय खंडनाला हात घालत नसत. ज्याचं मत उलटं आहे अशा एका माणसाला, त्याची बाजू दोन मिनिटांत तुमच्या शब्दांत सांगा. त्याने “हो, मला अगदी हेच म्हणायचंय” म्हटलं तर पायरी पुरी झाली. “नाही, असं नाही” म्हणाला, तर त्याच्याशी वाद न घालता पुन्हा ऐका. त्या भेटीत स्वतःची बाजू मांडू नका. हा संयम कठीण जातो, पण तो ठेवला नाही तर सगळा खटाटोप वाया जातो.

वजन करायचं असेल तर बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून कळवलेली रीत चांगली आहे. पानाचे दोन भाग करायचे, तीन-चार दिवस सुचतील तसे मुद्दे दोन्हीकडे लिहायचे, मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडत जायचं. या रीतीत एक गळती आहे. बेरीज नावडती यायला लागली की माणूस मुद्द्यांची वजनं बदलतो. म्हणून प्रत्येक मुद्द्याचं वजन शाईने आधी लिहा आणि खोडायला त्यानंतर सुरुवात करा. वजन बदलायची इच्छा झालीच तर बदला, पण दुसऱ्या रंगात, म्हणजे बदललेलं दिसत राहील.

शेवटी पायरी २ मधले दोन्ही आकडे पुन्हा लिहा. खात्री ९ वरून ६ वर आली, तर तपासणी नीट झाली. ९ ची ९ राहिली आणि कारणांपुढे दोन-तीन खणखणीत ‘हो’ आहेत, तर ते मत विचाराचं आहे. ते निर्धास्तपणे बाळगा. खात्री ९ राहिली आणि सगळीकडे ‘नाही’ आहे, तर वाक्यच बदला: “भाडं म्हणजे पैसे पाण्यात” खोडून “मला स्वतःचं घर हवं आहे, आणि त्यासाठी महिन्याला २५,००० रुपये जास्त मोजायची माझी तयारी आहे” असं लिहा. हे वाक्य खरं आहे, त्यावर कुणाशी वाद घालावा लागत नाही, आणि बँकेच्या माणसासमोर बसताना ते जास्त उपयोगी पडतं.

हमखास होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही वही दुसऱ्यांवर चालवणं. सासऱ्यांना किंवा थोरल्या दिरांना “हे तुमचं मत भावनेतून आलंय” म्हटलं की मत तिथेच घट्ट होतं आणि नातं मात्र सैल होतं. मोठ्यांशी बोलायचं असेल तर प्रश्न एवढाच विचारा: “बाबा, तुम्ही घर घेतलं तेव्हा हप्ता किती होता आणि पगार किती?” त्या उत्तरात आकडेही मिळतात आणि त्यांच्या मताची जन्मवेळही, तीही त्यांनी आपणहून सांगितलेली.

दुसरी चूक, सगळीच मतं तपासायला घेणं. चहात आलं घालावं की नाही याला रकाने लागत नाहीत. महिन्याला एक मत पुरे. तिसरी, तपासणीचा निकाल लागला नाही म्हणून निर्णय लांबवत राहणं. खात्री ६ असतानाही घर घेता येतं, फक्त ६ च्या बेताने धोका पत्करायचा, म्हणजे हप्ता थोडा कमी आणि हाताशी सहा महिन्यांचा खर्च.

आणि घरात मृत्यू, मोठं आजारपण किंवा फसवणूक नुकतीच झाली असेल, तर त्या विषयावरची मतं काही महिने वहीत घेऊ नका. त्या काळात आकडे सुचतात तेही दुःखातूनच सुचतात, आणि पुसायचं म्हटलं तर पुसले जात नाहीत.

झालेलं पान फाडू नका. वर तारीख टाका, ‘मत बदलेन’ ही ओळ चौकटीत घ्या आणि वीजबिलं नि करारनामे ठेवता त्याच फाइलमध्ये पान ठेवा. भाडेकरार नव्याने करायची वेळ आली की ते बाहेर काढा, त्या दिवशीचं भाडं आणि व्याजदर दुसऱ्या रंगात खाली लिहा, आणि चौकटीतल्या ओळीशी ताडून पाहा.